माळवदावरची माती

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

बागघर बांधायचं आज ठरलं. बागेचा अध्यक्ष म्हणून ठराव मीच मांडला, सगळ्यांनी हात वर केले, शेजारच्या म्हाळसाबाईंनी गुळाचा खडा वाटला. घरी येऊन चपला काढतोय तोवर वाटायला लागलं, मला ही अवदसा कुठून आठवली!

बाग म्हणजे आमच्या कॉलनीतली मोकळी जागा. पूर्वी तिथं वेड्या बाभळी, प्लॅस्टिक आणि डुकरं होती. बारा घरांनी मिळून ती साफ केली, बोअर मारला, वाफे वाटून घेतले. आता चुका, अंबाडी, वांगी, शेवगा, सगळं येतं. धाराशिवात माणसांना आठवड्यानं पाणी मिळतं आणि ह्यांच्या भेंडीला रोज, असं लोक कुचकटपणे बोलतात. बोलू देत. पण खुरपी-फावडी ठेवायला, बी वाळवायला, उन्हात दोन घटका टेकायला आडोसा नाही. नगरपालिकेनं परवानगी दिली आहे ती अटीवर. बांधकाम कच्चंच हवं, स्लॅब चालणार नाही, आणि पावसाळ्याच्या आत छप्पर उभं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर जागा परत घेणार. तिच्यावर डोळा ठेवून बसलेले कमी नाहीत.

नकाशा आमची सून श्रावस्ती काढणार. आर्किटेक्ट आहे, नांदेडची. लग्न होऊन वर्ष झालं. मुलगा प्रसेनजित सोलापूरला बँकेत असतो, ती इथं आमच्याजवळ राहून काम जमवते. हे तिचं पहिलं बांधकाम. बांधणार पाशामियाँ. जुना गवंडी आणि माझा त्याहून जुना दोस्त. मी एसटीत कंडक्टर असताना तो थैली-ओळंबा घेऊन माझ्याच गाडीनं कामावर जायचा. त्याचा वाफा माझ्या वाफ्याला लागून आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

श्रावस्तीनं नकाशा दाखवला. दगडाच्या भिंती, वर माळवद. म्हणजे तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पाला आणि वरून पांढरी माती.

सगळे नुसते हरखले. म्हाळसाबाई म्हणाल्या, "माज्या म्हायेरी माळवद हुतं. उन्हाळ्यात आत गेलं की रांजणात बसल्यावानी गार."

मी म्हणालो, पत्रा टाकू. स्वस्त, हलका, दोन दिवसांत उभा.

पाशामियाँ हसायला लागला. "आरं राजपाल, मे म्हैन्यात पत्र्याखाली बसशील का? आमलेट हुईल तुजं."

मी वाळवीचा मुद्दा मांडला. सापांचा मांडला. गळतीचा मांडला. श्रावस्तीकडं प्रत्येकाचं उत्तर तयार होतं, आणि तेही गोड बोलून. मत घेतलं तेव्हा पत्र्याच्या बाजूनं माझा एकट्याचा हात वर होता. माझी बायको चांगुणा खाली मान घालून अंबाडी निवडत होती. घरी येताना मला म्हणाली, "पोरीला सांगून टाका की."

"काय सांगायचं?" मी विचारलं. ती पुढं चालायला लागली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

कुणी ही वही वाचली तर गैरसमज नको म्हणून लिहून ठेवतो. माझं गाव माकणी, लोहारा तालुका. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं घर पडलं. आई, दादा म्हणजे माझे वडील, आणि धाकटी बहीण निर्मला गेली. मी त्या दिवशी मुक्कामी गाडीवर होतो, तुळजापूरला. हे सगळ्यांना माहीत आहे, सुनेलाही माहीत आहे. त्याचा आणि माझ्या म्हणण्याचा काहीएक संबंध नाही. माळवद गळतं, हा माझा मुद्दा आहे.

रविवार, ९ मार्च

आज माझा तोल गेला, असं बागेतले म्हणतात. मी फक्त उठून गेलो.

माझ्या शंका फिटाव्यात म्हणून श्रावस्तीनं लॅपटॉप आणला होता. आमच्याच अंगणात सगळ्यांना बसवलं आणि भूकंपातले फोटो दाखवायला लागली. "मामा, हे तर तुमच्या माकणीकडचेच आहेत," असं वर कौतुकानं सांगितलं. पोर मनानं चांगली आहे. तिला वाटलं, मला आपलं गाव बघून बरं वाटेल.

ती समजावत होती की घरं वजनानं पडली. भिंतीतले दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते, आणि डोक्यावर मातीचा डोंगर. "माळवद गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात लोक नवा थर टाकायचे. जुना कुणी काढायचंच नाही. आज्यानं टाकलेला, बापानं टाकलेला, सगळा तसाच. दोन-दोन हात माती चढली होती. आपण फक्त सहा इंच टाकणार. खाली प्लॅस्टिकचा कागद, भिंतीत आरपार दगड, वरून लाकडी पट्टा. काही होत नाही."

पुढचा फोटो आला. ढिगाऱ्यावर एक घंगाळ पालथं पडलं होतं. कुणाचं होतं कोण जाणे, सगळ्यांच्या घरी तसंच असायचं. मला एकदम आठवलं की वांग्यांना पाणी द्यायचं राहिलंय. मी उठलो. भर दुपारी बाराला वांग्यांना पाणी कोण देतं, असं पाशामियाँनं मोठ्यानं विचारलं म्हणे.

दादांच्या माळवदाचं गावात नाव होतं. श्रीपतीचं घर कधी गळत नाही, असं लोक म्हणायचे.

रविवार, ३० मार्च

भिंती खांद्याला आल्या. काम चांगलं आहे, नाही कशाला म्हणू? दगड पाशामियाँनं पडक्या गोदामाचा मिळवला. मी रोज सकाळी जाऊन आरपार दगड आहेत का ते तपासतो. कुठं संशय आला की काढायला लावतो. पाशामियाँनं आज तिसऱ्यांदा तोच कोपरा उकलला आणि थापी खाली टाकली.

"तुजी सून म्हंती बराबर हाय. मी म्हंतो बराबर हाय. तुजं दुखतंय कुठं, त्ये सांग."

मी म्हणालो, अध्यक्षाला बघायचा अधिकार आहे. तो म्हणाला, मग अध्यक्षानं आत येऊन बघावं, दारातून काय बघतो?

दारात उभं राहायची मला सवयच आहे. सगळी नोकरी गाडीच्या दारापाशी गेली. लग्नकार्यातही मी दाराजवळच बसतो. घरी गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये झोपतो ते उकाड्यामुळं. थंडीतसुद्धा वर मोकळी हवा असते. श्रावस्तीला ह्याचं नवल वाटतं. माणसाला सवयी असतात, त्यात नवल कसलं?

रविवार, २० एप्रिल

पाशामियाँशी अबोला झाला. तुळया चढवत होते. मी म्हणालो, ह्या बारीक वाटतात. तो म्हणाला, सहा इंच मातीला ह्या पुरून उरतात. मी म्हणालो, तुला काय कळतं, घर कुणाचं पडलंय? असं मी बोललो. दहा माणसांसमोर बोललो.

त्यानं दोर ओढायचा थांबवला. मग म्हणाला, "न्हाय पडलं बाबा माजं. पन तुमची नवी गावं आमीच बांदली, याद ठेव." आणि पुन्हा दोर ओढायला लागला.

माफी मागायला पाहिजे. पण तो अध्यक्षाला दारातला म्हणतो, त्याचं काय?

रविवार, ४ मे

माती चढली. घर झालं. बाहेर अंगाची लाही आणि आत खरंच गार आहे, असं सगळे म्हणतात. म्हाळसाबाई भिंतीला पाठ लावून घोरत होत्या. पहिली बैठक आतच झाली. मी शेवग्याखाली खुर्ची टाकून बसलो आणि तिथूनच बैठक चालवली. पाय मोकळे करायला डॉक्टरांनी सांगितलंय, असं कारण दिलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, खुर्चीत बसायला नव्हे. पण कुणी उलटं बोललं नाही. सगळे फार सांभाळून घेतात मला. त्याचाच राग येतो.

चांगुणा आत बसली होती. बैठकभर मी तिच्या डोक्यावरच्या तुळईकडं बघत होतो. काय ठराव झाले ते विचारू नका.

नगरपालिकेचा माणूस या महिन्याच्या अखेरीस येऊन बघणार आहे. तोवर घर जसंच्या तसं राहिलं पाहिजे, एवढंच.

गुरुवार, १५ मे

काल वळवाचा जोराचा पाऊस झाला आणि माळवद एका कोपऱ्यात गळलं. थेंब थेंब, पण बियाण्याचं एक पोतं भिजलं. मी म्हटलंच होतं! मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

श्रावस्ती वर चढून बघून आली. कागदाचा जोड कुठंतरी सुटला असावा म्हणाली. उद्या ती सोलापूरला जाणार, प्रसेनजितकडं, चार दिवस. मला बजावलं, "मामा, मी आल्यावर कोपरा उकलून बघते. तोवर वर कुणी काही टाकायचं नाही. पाशाचाचांना आठवणीनं सांगा."

आठवणीनं सांगा म्हणे. ज्याच्याशी चार आठवडे बोललो नाही त्याला मी आधी जाऊन काय सांगू? आणि गवंडी माणसाला एवढंही कळत नसेल तर कमाल आहे. चांगुणाला म्हटलं, जमलं तर तू सांग. ती म्हणाली, तुमचा दोस्त आहे, तुम्हीच बोला.

बघू रविवारी.

रविवार, १८ मे

घर उभं आहे. सगळे सुखरूप आहेत. आज लिहवत नाही.

सोमवार, १९ मे

आज लिहितो.

काल सकाळी मी मुद्दाम उशिरा गेलो. पाशामियाँ काम आटपून गेला असेल, मग गाठ पडायची नाही, असा हिशोब. फाटकातूनच दिसलं. बागेत जत्रा भरली होती. पांढऱ्या मातीची ट्रॉली रिकामी उभी होती आणि दुसरी निम्मी झाली होती. माणसांची रांग लागलेली. घमेलं या हातातून त्या हातात, शिडीवरून वर. वर पाशामियाँ माती पसरत होता, चोपत होता. श्रमदान! नगरपालिकेचा माणूस यायच्या आत गळती बंद करायची म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. मला सोडून ठरवलेलं, कारण मी आलो की खोडा घालतो.

नव्या मातीचा थर मला खालूनच दिसत होता. हातभर तरी होता.

मी ओरडलो, थांबवा. कुणी ऐकलं नाही. पुन्हा ओरडलो. पाशामियाँ वरून म्हणाला, "आला का कंडक्टर! आरं, गळतंय म्हनून तूच बोंबलत हुतास न्हवं? आमच्या बाबाजींनी हरसाल असंच केलं. दोन ट्रॉल्या टाकल्या की धा साल बगायला नगं."

लोक हसले. त्यांचं काय चुकलं? गळलं की वरून माती टाकायची, हे आमच्याकडं पोरगं चालायच्या आधी शिकतं. दादाही हसतच टाकायचे.

मग आतून बायकांचं बोलणं ऐकू आलं. श्रमदानाचं जेवण आत रांधत होत्या. मी दारापर्यंत पळालो. तिथं पाय थांबले. खरंच थांबले, उचलेनात. आत चांगुणा चुलीपुढं बसली होती, म्हाळसाबाई पातेल्यात पिठलं हाटत होत्या, आणखी चौघीजणी भाकरी थापत होत्या. वर धप धप धप माती चोपत होते, आणि प्रत्येक धपला फळ्यांच्या फटीतून पांढरी धूळ खाली येत होती. चांगुणाच्या केसांवर ती बसली होती.

ती धूळ मला ठाऊक आहे. त्या सकाळी तुळजापूरहून रिकामी गाडी घेऊन मी गावात आलो तेव्हा सगळी माणसं तशीच पांढरी दिसत होती.

मी आत कसा गेलो ते आठवत नाही. चांगुणाचं मनगट धरलं आणि ओढलं. तिनं माझं तोंड बघितलं. उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "उठा गं! समद्या भाईर पळा! हाय तसं टाका!" म्हाळसाबाई पातेलं सोडेनात, त्यांना मी काखेत धरून काढलं. पिठलं माझ्या पायावर सांडलं, फोड आलेत. सगळ्या बाहेर आल्या तरी मी पुन्हा आत गेलो, कोपऱ्यात कुणी राहिलं नाही ना बघायला. कुणी नव्हतं.

मग शिडीवर चढलो आणि वरची माती हातांनी खाली ढकलायला लागलो. पाशामियाँनं मला मागून धरलं. "राजपाल! काय झालं, बोल की!"

मी म्हणालो, "आमच्या घरावर दोन हात हुती. मी हातानं उपसली. दिवसभर उपसली. निर्मला सगळ्यात खाली घावली."

एवढंच बोललो. इतक्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. चांगुणालाही नाही, तिनं आपलं आपण ओळखलेलं आहे. पाशामियाँनं हात सोडले. घमेलं रिकामं होतं ते बाजूला ठेवलं, फावडं उचललं आणि माती खाली लोटायला लागला. खालून रांग पुन्हा लागली, या वेळी उलटी. संध्याकाळपर्यंत माळवद होतं तेवढं झालं. जेवण कुणालाच मिळालं नाही.

चूक माझी आहे. सुनेचा निरोप तीन दिवस माझ्याजवळ पडून होता. मी बोललो असतो तर हे झालंच नसतं. पाशामियाँला तसं सांगितलं. तो म्हणाला, "आणि मी इचारलं असतं तर? सोड आता."

रविवार, २५ मे

श्रावस्ती आली त्याच दिवशी तिनं आतून सगळं तपासलं. मधल्या तुळईला बोट जाईल एवढी भेग पडली होती. तिनं भेगेत बोट घालून बघितलं. मी दारातून विचारलं, "पडलं असतं का?" ती म्हणाली, "माहीत नाही, मामा. कदाचित उभंही राहिलं असतं." मग तोंड फिरवून रडली. फोटो दाखवल्याबद्दल माफी मागायला लागली. मी म्हणालो, "वेडी आहेस का? तुझं बरोबरच होतं. मलाच ऐकवलं नाही."

पाशामियाँनं नवी तुळई घातली, जाड. मी बारीक म्हणायच्या आतच "जाड हाय, जाड हाय" म्हणाला. कोपऱ्यात कागदाचा जोड दुमडला होता, तो नीट केला. शुक्रवारी नगरपालिकेचा माणूस आला, चहा प्यायला, आत बसून गार वाटतं म्हणाला आणि जागा आमच्याकडं ठेवून गेला.

आज आत बैठक झाली. मी आत बसलो. मला भीती वाटते, हे आता लिहून टाकतो. वाळवी नाही, साप नाहीत, उकाडा नाही. भीती वाटते. आजही वाटली. पण बसलो. एकीकडं श्रावस्ती होती, दुसरीकडं पाशामियाँ, आणि दोघंही माझ्याकडं बघायचं नाही असं ठरवून आल्यासारखे समोर बघत होते.

बैठक संपल्यावर श्रावस्तीनं विचारलं, "मामा, त्या दिवशी तुम्ही रडत होतात असं आई म्हणाल्या. घर वाचलं म्हणून का?"

मी तिला सांगितलं ते इथं लिहितो, सोमवारी लिहायचं राहिलं होतं.

त्या सकाळी माकणीत मी आपल्या घरातून तिघांना बाहेर काढलं. एकानंही तोंड उघडलं नाही. आई माझ्यावर नेहमी खेकसायची, उशिरा आलास, जेवायला थांबलो होतो म्हणून. मी तिला अंगणात निजवलं आणि वाट बघत बसलो की आता खेकसेल, आता खेकसेल.

गेल्या रविवारी सगळ्या जणी बाहेर आल्या आणि एकदम सुरू झाल्या. म्हाळसाबाईंनी तर माझ्या सात पिढ्या काढल्या. पिठलं सांडलं, लुगडं फाटलं, भाकरी जळल्या, मेल्या तुला काय येड लागलंय का! चांगुणाचं मनगट काळंनिळं झालं होतं, तीही बोलत होती. शेवग्याखाली सहाही जणी एका दमात मला शिव्या घालत होत्या.

मी वर माती लोटत होतो आणि ऐकत होतो. म्हणून रडलो.